तेपाएरूची अर्धी गोधडी

मी एक गोधडी बोलतेय, तीही अर्धीच शिवलेली. आमच्या रारोटोंगा बेटावर मला तिवैवै म्हणतात. आम्हाला कुणी विकत नाही. जिवाभावाच्या माणसाला देतात.

मला तेपाएरूसाठी तिच्या आईनं बेतलं. बोटाच्या पेराएवढे हजारो रंगीत चौकोन आणि त्यांतून उमलणारी चाफ्याची फुलं. लेक तेव्हा ऑकलंडला शिकत होती. तिथे तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती टेस झाली. मग नोकरी, मग संसार, येणं लांबतच गेलं. इकडे आई वारली. तिची स्वतःची तिवैवै तिच्याबरोबर मातीत गेली आणि मी पेटीत पडले. सात वर्षं! खोटं कशाला बोलू, मला लेकीचा रागच आला होता.

यंदा ती आली. मला मांडीवर घेऊन रडली, तेव्हा राग थोडा निवळला. मग ती एक गोष्ट लिहायला बसली. गोष्टीतल्या बाईला दोन नावं, दोन घरं, आणि कुठल्याच घरात ती पुरती नाही. शेवटी ती आईची गोधडी मधोमध कापते. अर्धी बेटावर ठेवते, अर्धी शहरात नेते. लिहून झाल्यावर तेपाएरू खरंच कात्री घेऊन उठली. माझी तर पाचावर धारण बसली.

कापण्याआधी तिनं ती गोष्ट ओसरीवर शिवायला जमलेल्या बायकांना वाचून दाखवली. तिची थोरली मावशी आकाइती चष्म्यावरून बघत म्हणाली, "म्हणजे ही गोधडी म्हणजे तू?"

"हो मावशी. प्रतीक आहे ते."

"असेल बाई. पण कापल्यावर पांघरणार काय, प्रतीक?"

बायका खो खो हसल्या. तेपाएरूचा चेहरा उतरला. "तुम्हाला हसायला काय जातंय? तिकडे मी बेटावरची, इथे ऑकलंडवाली. अख्खी मी कुणाचीच नाही."

हसू थांबलं. मावशीनं तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि चौकोनांची एक माळ दिली. आमच्याकडे चौकोन रंगांच्या क्रमानं दोऱ्यात ओवून प्रत्येकीला वाटतात. माळेतून एकेक काढायचा आणि जोडत जायचं. "शिव," मावशी म्हणाली.

तेपाएरूनं दिवसभर मान वर केली नाही. संध्याकाळी बघते तर फूल उलटं! पाकळ्या आत, पिवळा गाभा बाहेर. माळ चुकीच्या टोकाकडून सोडली होती.

मावशी डोळे पुसेपर्यंत हसली. "अगं, तुझ्या आईनं पहिल्यांदा हेच केलं होतं! तीन दिवस उसवत बसली, अश्शीच ओठ चावत, शिव्या घालत."

"आई? आणि शिव्या?"

"तर! चर्चच्या पाळकबाईंच्या समोर!"

तेपाएरू हसायला लागली आणि हसता हसता रडली. मग तिनं दिवा जवळ ओढला आणि टाके उसवायला घेतले. माझ्या जिवात जीव आला.

आता मी पेटीत नाही, सहा जणींच्या मांड्यांवर आहे. तेपाएरू शुक्रवारी विमानात बसेल. मला कापणार नाही. एक माळ बरोबर नेणार, तिकडे फूल शिवणार आणि नाताळात इथे आणून मला जोडणार.

ये गं पोरी. टेस म्हणून ये, तेपाएरू म्हणून ये. उलटं शिवलंस तरी आण, इथे उसवायला आम्ही सगळ्या आहोत.