पॅनलांवरच्या रजया

मित्रांनो, मी विजेवरच्या गाडीचा एक जुना चार्जर आहे. गाडीच्या शेडमधल्या भिंतीवर माझे आयुष्य गेले. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे, पण हिरवा दिवा अजून लागतो.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात तारा जोडल्या, तेव्हा तो पहिल्यांदा लागला. मग मी दुकानाच्या फळीवर आलो. शेजारी एक मोठा, झटपट चार्जर ऐटीत बसला होता. एके दिवशी प्रसूतिगृहातली एक परिचारिका आपल्या दिराबरोबर तिथे आली.

"वहिनी, मोठाच घ्या. गाडी चटकन भरेल," दीर म्हणाला.

"आपल्या छतावरच्या सौर पॅनलांतून तेवढी वीज होते का? बाकीची बाहेरून घ्यावी लागेल. माझी ड्यूटी रात्रीची. दिवसा मी झोपते, गाडीही झोपते. मग घाई कोणाला आहे?"

तिने मला घरी नेले आणि फक्त उन्हावर चालायला लावले.

ते दिवस स्वप्नासारखे होते. घरातले पडदे ओढलेले असत आणि मी गाडीला घोटघोट ऊन पाजत असे. ढग आला की माझी धार बारीक होई, ढग सरला की पुन्हा वाढे. संध्याकाळी निघताना ती मला हलकेच थोपटे. वाटे, पहाटे जन्मणाऱ्या बाळांपर्यंत माझेच ऊन पोचते आहे.

पण एकदा लख्ख ऊन असूनही माझ्यापर्यंत जेमतेम थेंबभर वीज आली. दुपारीच प्रसूतिगृहातून तिला बोलावणे आले आणि गाडी रिकामी!

"तरी सांगत होतो! हा डबा काढून टाका," स्कूटर काढत दीर म्हणाला. "उद्या एखादी बाई अडली आणि तुम्ही रस्त्यात अडकलात तर?"

 माझी बाजू सांगायला मला तोंडच नव्हते. ती स्कूटरवर मागे बसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर वायरमनला घेऊन आला. माझे दोन स्क्रू निघाले, तोच ती कामावरून परतली. सासूबाई खांद्यावर रजया टाकून गच्चीचा जिना चढत होत्या.

"आई, कुठे निघालात?"

"काल धुऊन वर वाळत घातलेल्या रजया अजून ओलसर आहेत गं. वरच्या त्या काचांवर पसरल्या की छान वाळतात. काय तापतात त्या!"

दिराने कपाळावर हात मारला.

"आई, तू सूर्यालाच पांघरूण घातलंस की!" दीर ओरडला. परिचारिका तर पायरीवर बसून पोट धरून हसू लागली.

"हसता काय? मला कोणी सांगितलं होतं का?" सासूबाई फणकारल्या.

खरेच, कोणी सांगितले नव्हते. वायरमनने स्क्रू पुन्हा घट्ट केले. तेव्हापासून पॅनल पुसायचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. तिथे कावळा टेकलेलाही त्यांना खपत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना आपली बाजू मांडता येत नाही. एखादी वस्तू अडली, तर तिला भिंतीवरून उतरवण्याआधी एकदा वर जाऊन बघा.