दोन्हीकडे सारखी भोकं

सममिती शिकवायची तर कागद मधोमध दुमडावा, टाचणीनं आरपार भोकं पाडावीत आणि उलगडून दाखवावा. घडीच्या दोन्ही बाजूंना भोकं सारखी! मालिनीबाईंना ही युक्ती डी.एड.ला शिकवली होती, आणि सावर्ड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या दोनशिक्षकी शाळेतली चौथीची पोरं तिच्यावर बेहद्द खूश झाली. कुणी पान केलं, कुणी पतंग. चिमानं माणूस केला. डोक्यापासून पायापर्यंत टोचून काढला, भोकांवर लाल शाईचे ठिपके दिले आणि बाईंनी "शाब्बास" म्हणताच कागद दप्तरात घालून घरी नेला. कोकणात जन्मलेल्या बाईला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रत्नागिरी शहरात वाढलेलं, पुस्तकात डोकं घातलेलं माणूस, नाही कळलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर सभेसाठी चिपळूणला गेलेले. प्रार्थना संपते न संपते तोच चिमाची आई हौसा तान्ह्या बाबूला छातीशी धरून आली. मागे तिचा सासरा भिकाजी आणि निम्मी वाडी. भिकाजीनं चिमाचा कागद सागाच्या पानावर धरला होता. हात लावायची त्याची छाती नव्हती.

"पोराच्या पाळन्याखाली गावला," तो म्हणाला. "काल सांजेपास्नं पोर तापानं फनफनलाय. सकाळी आकडी आली. ही करनी कोनी केलीन?"

बाईंची पाचावर धारण बसली. चिमानं भावाला दाखवायला नेलेला कागद पाळण्याखाली पडला असणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. तरी त्या लाल ठिपक्यांकडे बघताना क्षणभर त्यांच्याही मनात आलं, खरंच काही झालं असलं तर? शिकलेल्या माणसाची भीती दुप्पट असते. आधी लोकांची, मग स्वतःच्या मनाची.

"भिकाजीबाबा, हे गणित आहे हो. याला सममिती म्हणतात."

"मंतराचं नाव सांगत्येय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

बाईंनी घाईघाईनं कोरा कागद दुमडला आणि दाखवायला टाचणी उचलली. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. बायका किंचाळल्या, आपापली पोरं ओढून पदराखाली घेतली.

तेवढ्यात हौसाच्या हातावर बाबूची मान कलंडली. ओठ निळसर पडले होते.

"अगं, डॉक्टरकडे नेलंस का याला?"

"सांजेला घाडी येतोय अंगारा घेऊन," भिकाजी बोलला. "तो उतारा सांगंल. ज्यानं घातलीन त्यानं काढल्याबिगर औषद लागू पडायचा नाय."

साडेदहा वाजून गेले होते. अकराची एसटी चुकली की थेट संध्याकाळची, आणि संध्याकाळपर्यंत हे पोर राहणार नाही, एवढं बाईंना कळलं. वाडीच्या टोकाला आपली एकटीची खोली आहे, हेही आठवलं.

"मीच केली," त्या म्हणाल्या.

भिकाजीची काठी वर गेली.

"मी केली, तर काढीनही मीच!" बाईंना आपलाच आवाज परका वाटला. "घाडी नको. पण अकराच्या एसटीनं सावर्ड्याला न्यायचं आणि डॉक्टरची सुई टोचून घ्यायची. जेवढ्या सांगेल तेवढ्या. टाचणीनं घातलेलं सुईनंच निघतं."

हे मात्र सगळ्यांना पटलं. काठी खाली आली. हौसा पोराला घेऊन थांब्याकडे पळत सुटली, वाडी तिच्यामागून गेली, आणि आपापली पोरंही घेऊन गेली. रिकाम्या वर्गात बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पोर दगावलं तर ती काठी पुन्हा वर जाईल आणि धरायला कुणी नसेल. संध्याकाळच्या गाडीनं रत्नागिरी गाठावी असं शंभरदा मनात आलं, पण पाय उचलेनात. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री त्यांनी दाराला आतून बाकडं लावलं. पानाच्या सळसळीनंही त्या दचकत होत्या.

चौथ्या दिवशी हौसा शाळेच्या कुंपणाशी आली. कडेवर बाबू, चांगला मूठ चोखत होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हात पसरून धावल्याच.

हौसा झटकन मागे सरली. पोराच्या तोंडावर पदर ओढून तिनं एक नारळ जमिनीवर ठेवला आणि दुरूनच वाकून हात जोडले.

"तुमची अट पाळली, बाई. बाबू बरा झाला. आता माज्या चिमाला तेवडी सोडा. पोर हुशार हाय, तिच्यावर काय करू नका. शाळंत नाय धाडनार आमी तिला."

चिमा आईच्या मागे उभी होती.

"चिमा, अगं, मी तुझी बाई ना?"

चिमानं आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि ती भीतीनं मोठ्यानं रडायला लागली.