वर्गात काय झालं, ते सांगा

मी एक जुना कट्टा आहे. थांबा, लगेच बसायला धावू नका! मी दगडविटांचा नाही, इंटरनेटवरचा आहे. माझ्यावर फक्त शिक्षक बसतात. म्हणजे, बसायचे. मित्रांनो, तुम्हाला वाटतं, तुमच्या सरांना आणि बाईंना सगळं येतं. खोटं कशाला बोलू? अडलं की ते गुपचूप माझ्याकडे येऊन विचारायचे. हे मात्र तुमच्या-माझ्यात ठेवा.

एका शाळेतल्या संगणकाच्या सरांनी मला घडवलं. मधल्या सुट्टीत शिक्षक एकमेकांना किती छान युक्त्या सांगतात, आणि घंटा झाली की सगळं हवेत विरून जातं, याची त्यांना फार हळहळ वाटे. म्हणून त्यांनी मला जागा दिली आणि माझ्या माथ्यावर एकच नियम लिहिला : ‘इथून उत्तर नेलंत, तर वर्गात काय झालं ते परत येऊन सांगा.’ सांगेपर्यंत ती चर्चा उघडी राहायची.

काय दिवस होते ते! कुणी लिहायचं, “पोरांना पाव भागापेक्षा अष्टमांश मोठा वाटतो, कारण चारापेक्षा आठ मोठे. डोकं धरून बसलेय.” मग भूमितीच्या बाई सांगायच्या, “कागदाच्या पट्ट्या द्या आणि घड्या घालू द्या.” थोड्याच दिवसांत उत्तर यायचं, “पट्ट्यांची विमानं झाली, एक माझ्या चष्म्यावर आदळलं, पण अष्टमांश कळला!” सगळे हसायचे. नव्या शिक्षकाला जुने म्हणायचे, “कट्ट्यावर विचार की.” ते ऐकून मी नुसता फुलून जायचो.

अशातच एक नव्या बाई आल्या. पहिलीच नोकरी. त्यांनी लिहिलं, “माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत अवाक्षर काढत नाही. घरी म्हणे तोंडाला खळ नसते. माझंच काही चुकतंय का?”

चित्रकलेच्या सरांनी उत्तर दिलं, “बाई, तिला प्रश्न विचारणं बंद करा. रोज थोडा वेळ तिच्या शेजारी बसून आपलं काहीतरी काम करत राहा. ‘बोल’ म्हणू नका.”

“करून बघते,” बाई म्हणाल्या. आणि गेल्या त्या गेल्याच.

पुढे फोनवरचे ग्रुप आले आणि माझ्याकडची वर्दळ आटली. त्या ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं, दुपारी सूचना, संध्याकाळी भांडणं. सकाळी विचारलेला प्रश्न संध्याकाळी शोधून सापडत नाही. मी जळत नाही हो त्यांच्यावर. बरं, जळतो थोडासा! चित्रकलेचे सर मात्र निवृत्त झाले तरी येत राहिले. नव्या बाईंची चर्चा उघडायचे, कुणी काही लिहिलंय का बघायचे आणि जायचे. एकदा त्यांनी तिथे लिहिलं, “सुनेला वाटतं, मी बातम्या वाचतो. बाई, ती मुलगी बोलली का हो?” मलाही तीच एक आस लागून राहिली होती. वर्षं गेली, पण ती काही सुटेना.

मग एक दिवस संगणकाच्या सरांनी सगळ्यांना कळवलं, “कट्टा सांभाळणं आता झेपत नाही. महिनाअखेर बंद करतोय.” आणि काय सांगू मित्रांनो, नव्या बाई आल्या!

“सर, ती वर्षभर बोलली नाही,” त्यांनी लिहिलं. “मी रोज शेजारी बसले. मग ती शाळा सोडून गेली. इथे सगळ्यांचं जमलेलं वाचायचे. माझं फसलेलं कुठल्या तोंडानं सांगणार होते?”

ज्यांचं जमलं तेच परत येत होते, आणि ज्यांचं फसलं ते लाजून घरी बसत होते. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

चित्रकलेच्या सरांनी विचारलं, “तुम्ही शेजारी बसलात की ती उठून जायची का?”

“नाही. उलट माझ्यासाठी पेन्सिलींना टोक करून ठेवायची.”

“मग बाई, आणखी काय बोलायला हवं होतं तिनं?”

त्यावर बाईंनी एवढंच लिहिलं, “सर, मी आधी यायला हवं होतं.”

ते वाचून बाकीचेही आले. कुणाचा फसलेला प्रयोग, कुणाचा रडू आलेला तास. इतकी वर्षं मी ज्या गप्पांसाठी आसुसलो होतो, त्या अगदी शेवटी आल्या. आणखी थोडे दिवस मिळाले असते, तर किती बरं झालं असतं!

आज मी बंद होणार. आत्ताच एक सर पट्ट्यांची युक्ती वाचून गेलेत. “उद्या वर्गात करून बघतो,” म्हणाले. काय होतं, ते मला कळणार नाही. मित्रांनो, कदाचित तो वर्ग तुमचाच असेल. सरांचं काही चुकलं, तर हसू नका. त्यांना जरा सांभाळून घ्या.