जावयाचा लॅपटॉप

बिनकामाची लाईट जळताना दिसली की माझं डोकं फिरतं. परळीत राहतो आमी. वीजकेंद्राची राख आमच्या वाळवणावर पडते आणि लाईटही आमचीच जाते. मी घरभर बटणं बंद करत फिरतो आणि आमची बायको जगदेवी माझ्या नावानं बोटं मोडत फिरते.

दोन हजार सालच्या दिवाळसणाला जावई वीरेशराव पुण्याहून ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आले. भिंतीला वायर लावून काम करत बसले अन् लाईट गेली. लॅपटॉप मात्र चालूच राहिला. फक्त त्याचा उजेड मंद झाला.

"बिघडलं का काय हो जावईबापू?"

"न्हाई मामा. बॅटरीवर आलं की ते आपणहून काटकसर करतं. कुणी हात लावला न्हाई तर स्क्रीन बंद करतं. झाकण लावलं की झोपतं, उघडलं की काम जिथल्या तिथं."

मी लई खूश झालो. "बघ जगदेवी! मशीनला कळतं, पण तुमाला कुणाला कळत न्हाई. या घरात माझ्या वळणाचं कुणीतरी आलं!"

जगदेवी करंज्या तळत राहिली.

थोड्या वेळानं लाईट आली. लॅपटॉप लख्ख झाला. मी उठलो, भिंतीवरचं बटण चालू दिसलं आणि सवयीनं खट्‌कन बंद केलं. वीरेशरावांच्या तोंडासमोरचा उजेड पुन्हा मंद झाला.

जगदेवी झारा हातात धरून हसायला लागली. "ओळखलं बघा त्यानं, कुणाच्या घरात आलंय ते!"