चूक न होणारा वॉर्ड

फिलिपिन्समधल्या बाकोलोद शहरातल्या त्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर नर्सांचीच रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात औषधांचा रिकामा ट्रे. आत औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर बाळ येशूची मूर्ती होती. तिच्या पायांना ट्रे टेकवला की हातून चूक होत नाही म्हणे. मूर्ती आल्यापासून या वॉर्डातून एकाही चुकीची तक्रार नव्हती!

"ढकलू नका गं, बाळ सगळ्यांना पुरेल!" मुख्य नर्स व्हिलारुझबाई ओरडत होत्या. "माझ्या वॉर्डात शिरायला चूक घाबरते. शुक्रवारी बिशप स्वतः येतायत!"

रांगेतल्या मेरिदेलनं रोजच्यासारखा ट्रे टेकवला आणि जास्तीची खात्री म्हणून कपाळही. काल हीच बाई तान्ह्या लेकीच्या मनगटावर पोवळी बांधणाऱ्या सासूला विज्ञान शिकवत होती. नर्सिंगची पदवी घरच्या भिंतीवर, अक्कल वॉर्डातल्या फळीवर! ड्यूटीवर शेवयासुद्धा खायची नाही. शेवयांसारखी पेशंटची रांग लांबते ना!

लेकीनं रात्रभर जागवलेलं. पेंगुळल्या डोळ्यांनी तिनं पाण्याची कुपी फोडली, त्यात अँटिबायोटिकची पूड विरघळवली आणि सिरिंज नि रिकामी कुपी घेऊन छोट्या लिगायाच्या खाटेशी गेली. लिगायाला रिकाम्या प्लास्टिकच्या कुप्या हव्या असत, बाहुल्या म्हणून. मेरिदेलनं हीसुद्धा तिच्या हातात दिली.

"ही आमच्यातली नाही," लिगाया म्हणाली. "हिची अक्षरं लाल आहेत. माझ्या सगळ्या निळ्या."

मेरिदेलनं कुपी वाचली. पाणी नव्हतं, पोटॅशियम होतं. ते असं थेट शिरेत गेलं असतं, तर लिगायाचं हृदय थांबलं असतं.

मेरिदेल सिरिंज टाकून कपाटाकडे धावली. तिथं जुनी नर्स रोनालिन ट्रे भरत होती. "रोनालिनताई, बाळानं वाचवलं! चमत्कार!"

"हळू बोल," रोनालिन कुजबुजली. "लाल कुपी ना? गेल्या आठवड्यात माझ्याही हातात आली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आणि अवलक्षणी ठरू? नेनितानं एक चूक कबूल केली, तर बाईंनी चारचौघांत तिचा पायगुण काढला. जेवायलासुद्धा तिच्याशेजारी कुणी बसेना."

मेरिदेलनं कपाटाकडे पाहिलं. पोटॅशियमचा डबा पूर्वी वरच्या फळीवर एकटा असायचा. तिथं मूर्ती आली आणि डबा खाली उतरला, पाण्याच्या कुप्यांना खेटून.

नोकरी गेली तर लेकीच्या दुधाचं काय? तरी ती रांगेसमोर उभी राहिली. "बाई, आज माझ्या हातून एक पोर मरणार होती. मूर्तीपायी पोटॅशियमचा डबा खाली आलाय, पाण्याच्या कुप्यांजवळ."

"चूक तुझी, आणि खापर देवावर?" व्हिलारुझबाई कडाडल्या.

"चूक माझीच. लेबल वाचलं नाही. पण डबा खाली देवानं नाही ठेवला, आपण ठेवला. आणि चुका इथं होतच होत्या, आपण गिळत होतो."

मग रोनालिननं हात वर केला. "मीसुद्धा." मागून एक आवाज आला, "मीपण." मग आणखी एक.

व्हिलारुझबाई मटकन स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "मीही. लाज वाटली गं सांगायची."

मूर्ती खिडकीत गेली, पोटॅशियम कुलुपात. त्या महिन्यात सगळ्या इस्पितळात सर्वांत जास्त चुका याच वॉर्डानं कळवल्या, आणि त्यातली एकही कुणा लेकराच्या शिरेपर्यंत पोचली नाही.

देवाला हात जोडायला कुणाची ना नाही. पण कुपी वाचायची ती आपल्याच डोळ्यांनी. आणि ज्या घरात, ज्या कचेरीत 'आमच्याकडे चूक होतच नाही' म्हणतात, तिथं उदबत्ती लावण्याआधी एवढंच विचारा: इथं चूक सांगणाऱ्याचं काय करतात?