जलगुरूंचा झरा

गाड्या लावायच्या जागेत आमची अख्खी इमारत लोटली होती. कुणी रजा टाकली होती, कुणी पोराला खांद्यावर घेतलं होतं. मधोमध जलगुरू हातात तांब्याच्या दोन कांड्या धरून, डोळे अर्धे मिटून चालत होते. पंपाच्या खोलीमागे येताच कांड्या एकमेकींवर आडव्या झाल्या.

"इथे आहे," जलगुरू म्हणाले. "खाली शीर वाहतेय. तिचं स्पंदन मला तळव्यात कळतं. तुमची श्रद्धा असेल तर दोन पुरुष खोलीवर पाणी लागेल. नसेल तर पाताळात गेलात तरी धूळच."

ही सोय मला फार आवडली. पाणी लागलं तर श्रेय त्यांचं, नाही लागलं तर खोट आमच्यात. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून इमारतीत मला मागे 'शंकासुर बाई' म्हणतात. तोंडावर फक्त 'बाई'.

यंत्राने भोक पाडलं आणि खरंच, दोन पुरुषांवर पाणी लागलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं. माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या पाठीला जखमा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज अंग स्वच्छ पुसा, चादर बदला. जखम चिघळली तर या वयात आवरणार नाही." आणि घरात पाणी कुठलं? शहर वाढत सुटलेलं, धरण होतं तेवढंच. नळ केव्हाच आटला होता. टँकर येऊन जमिनीखालच्या टाकीत रिता व्हायचा, त्यावर आमचा जीव. अलीकडे तेही पुरेना. मग तिसरा मजला चौथ्या मजल्यावर पाणी उधळल्याचा आळ घ्यायचा, चौथा मजला स्वतःच्या नव्या सुनेवर. ती बिचारी केस धुवायला माहेरी जायची.

झरा लागला त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी टँकरवाल्याला कळवून टाकलं, "उद्यापासून येऊ नका."

मी धावत खाली गेले. "अहो, थोडी वाट तरी बघा. आपली पाळी सुटली तर परत मिळायची नाही. टँकरसाठी माणसं टपून बसलीत."

"बाई, तुमच्या आईसाठी पाणी आलंय," अध्यक्ष म्हणाले. "त्यात तरी खोट काढू नका."

मला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. आजूबाजूच्या इमारतींनी खोल खोल भोकं पाडली आणि वर आली ती भुकटी. मग आमच्याच नशिबी वरच्यावर पाणी कसं? मी पंपाच्या खोलीमागे जाऊन पाहिलं. सगळं आवार करपलेलं, आणि त्या कोपऱ्यात मात्र भिंतीला शेवाळ, फरशीच्या फटीत कोवळं गवत. जलगुरूंच्या तळव्याला काय कळत होतं कोण जाणे, त्यांच्या डोळ्यांना मात्र नीट दिसत होतं. आणि भिंतीच्या अलीकडेच आमची जमिनीखालची टाकी.

शाळेच्या प्रयोगशाळेत गळती शोधायचा हिरवा रंग असतो. त्याने अपाय होत नाही. तो मी एका सकाळी टाकीत उरलेल्या पाण्यात ओतला. दुपारी झऱ्याचं पाणी हिरवं आलं.

मला वाटलं, आता लोक समजतील. लोकांनी बाटल्या भरून घेतल्या. अध्यक्षांनी जलगुरूंना फोन लावला, तर ते म्हणाले, "शीर वनौषधींच्या मुळांना भिडली. हे पाणी पोटाला उत्तम."

"वनौषधी माझ्या पर्समधून आली," मी म्हणाले आणि रिकामी डबी सर्वांसमोर धरली. मग टाकीचं झाकण काढायला लावलं. आत बॅटरी मारली. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. शेजारी होऊ घातलेल्या काचेच्या उंच इमारतीचा पाया खणत होते, त्या हादऱ्यांनी गेलेला. आम्ही घेतलेलं टँकरचं पाणी त्या तड्यातून भरावात मुरत होतं. तेच आम्ही भोकातून वर ओढत होतो आणि हात जोडत होतो. टँकर बंद झाल्यापासून टाकीत भर नव्हती. तळाला चिखल तेवढा उरला होता.

चौथ्या मजल्यावरची नवी सून सासूकडे बघत राहिली.

झरा दुसऱ्या दिवशी आटला. मी टँकरवाल्याला गाठलं. "ताई, तुमची वेळ शेजारच्या काचेच्या इमारतीला दिली," तो म्हणाला. "त्यांचं काँक्रीट सुरू आहे, त्यांना रोज लागतं. आता माझ्या हातात काही नाही." त्याच इमारतीच्या खोल पायात आजूबाजूच्या जमिनीतलं सगळं पाणी ओढलं जात होतं, आणि ते पंपाने उपसून रस्त्यावरच्या गटारात सोडत होते. मी पालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "परवानगी आहे त्यांच्याकडे."

आईची जखम चिघळली. मी ओल्या फडक्याने पुसते. तेच फडकं पिळून पुन्हा पुसते. ती म्हणते, "राहू दे गं, दुखत नाही फारसं." दुखतं, मला कळतं.

काल अध्यक्ष दारात आले. खाली मान घालून म्हणाले, "बाई, जलगुरूंना परत बोलावतोय. ते म्हणतात, दुसऱ्या कोपऱ्यात शीर आहे."

"तुम्ही स्वतः तडा पाहिलात ना?"

"पाहिला. पण ते निदान 'आहे' म्हणतात. तुम्ही काय सांगता?"

मी काय सांगणार? माझ्याकडे पाणी नाही. आईच्या खोलीतून कण्हणं ऐकू येत होतं, अध्यक्षही ते ऐकत उभे होते.

तरीही सांगते, कारण दुसरं काही देण्यासारखं नाही. पाणी येईल तेव्हा ते कुठून आलं हे विचारा, हात जोडायच्या आधी विचारा. टाकीत उतरून भिंत तपासा. त्या काचेच्या इमारतीच्या पायातलं पाणी गटारात का जातं, हे त्या साहेबांना एकट्याने नाही, सगळ्यांनी जाऊन विचारा. मी एकटी जाऊन आले आहे. एकटीला मान हलवून परत पाठवतात.