विमान विकण्याआधीचा तास

हौसेला मोल नसतं म्हणतात. यतीनच्या हौसेला होतं, आणि ते दर महिन्याला वाढत होतं. इंग्लंडात मेडनहेडजवळच्या गवती एअरफील्डवर त्याचं आणि इझिकेलकाकांचं मिळून दोन सीटचं एक जुनं विमान होतं. २००८ साली इंधन भडकलं, हँगरचं भाडं चढलं, आणि वार्षिक तपासणीत इंजिनिअरने सिलिंडर बदलायला सांगितला. ब्रॅकनेलच्या ऑफिसात दिवसभर एक्सेलशी झटणाऱ्या यतीनने घरीही तेच केलं: खर्च भागिले उड्डाणाचे तास. तास वर्षाला जेमतेम तेवीस, कारण इथल्या ढगांना रविवारच आवडतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

"विकून टाकू या," शेवटी काकाच म्हणाले.

काका चाळीस वर्षांपूर्वी माझगावातून आलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. बायपासनंतर त्यांचं एकट्याने उडवणं बंद झालं होतं. यतीन शेजारी असला, की वर गेल्यावर कंट्रोल मात्र काकांच्या हातात. ज्याच्या हाती कंट्रोल, त्याने तेवढ्या वेळाचे पैसे द्यायचे, हा दोघांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. उतरल्यावर काका घड्याळ बघून चोख पैसे देत. विमान गेलं की काकांचं उडणं संपलं, हे यतीनला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला मनापासून त्रास होत होता.

गिऱ्हाईक मिळालं. दसऱ्याची रजा टाकलेलीच होती म्हणून यतीनने गुरुवार ठरवला. सकाळी काकांबरोबर शेवटची फेरी, दुपारी चावी द्यायची. बुधवारी काकांचा फोन आला.

"अरे, उद्या आमचा मोठा उपास. आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. दारं लावून बसायचं, कुणाकडे जायचं नाही. तू आपलं उरकून घे."

स्वतःचा सण बघून तारीख ठरवली आणि काकांचा बघायचं सुचलंच नाही! यतीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी निघताना बायकोने, सुचेताने, त्याच्या हातात झेंडूची माळ दिली. "लोक आज गाडी घेतात, आमचे हे विमान विकतायत," ती म्हणाली. एअरफील्डवर माळ विमानाच्या पंख्याला घालताना त्याने पाहिलं, काच लख्ख पुसलेली होती. आत डोकावला तर टाकी काठोकाठ भरलेली. इंजिनिअर म्हणाला, इझिकेल काल येऊन स्वतःच्या पैशाने भरून गेला.

विकायच्या विमानात कोण शहाणा एवढं महाग इंधन भरतो? यतीनने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि रविवारी यायला सांगितलं. तो कुरकुरला, पाचशे पौंड कमी करा म्हणाला. यतीन हो म्हणाला.

शुक्रवारी ऊन पडलं. टेम्सवर काका तासभर विमान उडवत राहिले. यतीनने कंट्रोलला हात लावला तो फक्त उतरताना.

"भाव तोच राहिला ना रे?"

"तोच," यतीन खोटं बोलला. कमी पडलेले पाचशे तो आपल्याच वाट्यातून घालणार होता.

गवतावर उतरून इंजिन बंद झालं. काकांनी पाकीट काढलं. 'राहू द्या, काका' हे शब्द यतीनच्या अगदी ओठांवर आले होते. पण पैसे घेतले नाहीत, तर आज काका नुसते पाहुणे ठरले असते. त्याने नोटा घेतल्या आणि त्यांच्यासमोर एकेक करून मोजल्या.

"काका, पाच मिनिटांचे कमी आहेत."

काका खूश होऊन खिशातली चिल्लर शोधू लागले.